राहतें घर परक्यास दाखवितांना

जुन्या वाड्याची रचनाच अशी असे कीं, परक्या माणसाचें पाऊल कोठें थांबावें हें त्यास कोणी सांगावें लागत नसे. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, मग माजघर, आणि त्याच्याही आंत देवघर व स्वयंपाकघर, असे एकामागून एक टप्पे होते. हिशेबासाठीं आलेला मनुष्य ओसरीवर बसे, ओळखीचा थोडा पुढें येई, आणि माजघराचा उंबरठा आप्तांवांचून कोणी ओलांडीत नसे. आजच्या सदनिकेला ओसरी नाहीं. दार उघडलें कीं पाहुणा थेट बैठकीच्या खोलींत येतो. तेथून दोन पावलांवर शयनगृह आणि हाताच्या अंतरावर स्वयंपाकाचा ओटा. पूर्वीं जें काम भिंती करीत, तें आतां कराराच्या कलमांनीं आणि माणसांच्या समजूतदारपणानें करावयाचें आहे. भाड्याच्या घराची मुदत संपत येते तेव्हां हें काम फार अवघड होतें. जुनें बिऱ्हाड अद्याप राहत आहे, नवें मिळावयाचें आहे, आणि मालक किंवा त्याचा दलाल रोज कोणास तरी घर दाखवावयास आणीत आहे, असा तो महिना असतो.

पुण्यामुंबईच्या श्रोत्यांस या महिन्याचें वर्णन नवें वाटणार नाहीं. सायंकाळीं कुकरची शिट्टी होत असतां घंटा वाजते. दारांत दलाल उभा. त्याच्यामागें एक जोडपें, त्यांचे आईवडील आणि एखादें मूल. "पांचच मिनिटें" असें म्हणत मंडळी आंत शिरतात. कोणी नळ सोडून पाण्याचा जोर पाहतो, कोणी गॅलरींत जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांमधून समोरचा रस्ता पाहतो, आणि दलाल आपलें कर्तव्य समजून भिंतींतलें कपाट उघडून दाखवितो. कपाट मालकाचें आहे हें खरें. परंतु आंतल्या साड्या, बँकेचीं कागदपत्रें आणि खालच्या खणांतल्या औषधाच्या गोळ्या भाडेकरूच्या आहेत. मालकाचा हक्क आणि भाडेकरूचें खासगी आयुष्य यांच्यामधली सीमा नेमकी त्या कपाटाच्या दारावरून जाते, आणि दाखविण्याच्या घाईंत तिची आठवण कोणासच राहत नाहीं.

परका मनुष्य पांच मिनिटांत किती गोष्टी पाहतो, याचा विचार सहसा केला जात नाहीं. टेबलावरच्या औषधांवरून घरांत कोणता आजार आहे तें कळतें. भिंतीवरच्या तसबिरींवरून जातधर्म कळतो. दोन खोल्यांतल्या दोन वेगळ्या बिछान्यांवरून पतिपत्नींचें पटत नसावें असा तर्कही कोणी करतो. ज्या घरांत बाळंतीण आहे किंवा अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, तेथें दर दोन दिवसांनीं सहा अनोळखी चेहरे शय्येपाशीं येऊन उभे राहणें ही यातनाच होय. आणि एकटी राहणारी नोकरदार मुलगी असेल तर गोष्ट याहून गंभीर आहे. ती एकटी राहते, कामावरून केव्हां परतते, दाराला कडी कोणत्या प्रकारची आहे, हें सगळें तिनें न निवडलेल्या, ज्यांचीं नांवेंही तिला ठाऊक नाहींत अशा माणसांना समजतें. हें भय काल्पनिक म्हणून झटकून टाकतां येणार नाहीं.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. सदनिका एक महिना रिकामी राहिली तर भाडें बुडतें, आणि सोसायटीचा देखभाल खर्च व कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. सगळेच घरमालक धनाढ्य नसतात. निवृत्तीनंतर एका सदनिकेच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारीं वृद्ध दांपत्यें शहरांत पुष्कळ आहेत. शिवाय जो नवा भाडेकरू मोठी अनामत रक्कम देणार, त्यानें घर न पाहतां ती द्यावी अशी अपेक्षा कोणी करूं नये. तेव्हां घर दाखविण्याची गरज खरी आहे. मात्र गरज आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रश्नांतला बहुतेक गोंधळ त्या एकच समजण्यानें होतो.

हा गोंधळ पूर्वीं इतका का जाणवत नव्हता, याचेंही कारण आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्यानें भाडीं जवळजवळ गोठविलीं, आणि चाळींतलीं व वाड्यांतलीं बिऱ्हाडें पिढ्यान्‌पिढ्या हललीं नाहींत. जेथें बिऱ्हाड हलतच नाहीं तेथें जागा दाखविण्याचा प्रसंग कसा यावा? पुढें १९७३ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे केवळ परवान्यानें राहत होते, त्यांसही भाडेकरूचें संरक्षण मिळालें. मालकवर्ग सावध झाला. घर द्यावयाचें तें मोजक्या मुदतीच्या 'लीव्ह अँड लायसेन्स' करारानेंच, असा परिपाठ पडला. आणि एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागते म्हणून अकरा महिन्यांचा आंकडा रूढ झाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणें आज अशा प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तरी अकराचा आंकडा अंगवळणीं पडला तो पडलाच. मुदती लहान झाल्या म्हणजे बिऱ्हाडें वरचेवर बदलतात, आणि तितक्याच वेळां लोकांच्या राहत्या घरांतून परक्यांचे ताफे फिरतात.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमांत भाडेपट्ट्याची जी व्याख्या आहे, तींत उपभोगाच्या हक्काचें हस्तांतरण ही मुख्य कल्पना आहे. भिंती मालकाच्याच राहतात. ठराविक मुदतीपुरतें त्या भिंतींच्या आंत निवांतपणें राहण्याचा हक्क तो दुसऱ्यास देतो, आणि भाडें हें त्या हक्काचें मोल आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १०८ मध्यें, करारांत वेगळें कांहीं ठरलें नसेल तर, दोन्ही पक्षांनीं कसें वागावें तें सांगितलें आहे. भाडेकरू भाडें देत असेल व अटी पाळीत असेल तोंवर त्याच्या उपभोगांत व्यत्यय येणार नाहीं, असें मालकानें वचन दिल्याचें मानलें जातें. उलट भाडेकरूनेंही मालकास व त्याच्या माणसांस वाजवी वेळीं आंत येऊन जागेची स्थिति पाहूं दिली पाहिजे. हा निवांतपणा शेवटच्या महिन्यांत अर्धा होत नाहीं. भाडें पूर्ण द्यावयाचें आणि घर मात्र अर्धेंच वापरावयाचें, असा हिशेब कोठेंही लिहिलेला नाहीं.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमांतलें कलम २८ अगदीं लहान आहे. भाड्यानें किंवा परवान्यानें दिलेल्या जागेची, पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळीं पाहणी करण्याचा हक्क तें मालकास देतें. दोन गोष्टी येथें लक्षांत घ्याव्या. पहिली ही कीं, राहणारा केवळ परवानाधारक असला तरी पूर्वसूचना त्याच्याही हक्काची आहे. "तो काय, लायसेन्सवर तर राहतो" असें म्हणून ती टाळतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कलमांतला शब्द पाहणी हा आहे. संभाव्य गिऱ्हाइकांस घर दाखविण्याचा उल्लेख त्यांत नाहीं. छत गळतें काय, नळाखालीं ओल आहे काय, हें मालकानें येऊन बघणें ही पाहणी झाली. दलालानें चार कुटुंबांस एकामागून एक खोल्यांतून फिरविणें यास पाहणी म्हणणें म्हणजे शब्दाची ओढाताण आहे. ऑनलाइन नोंदणी होणाऱ्या करारांच्या रूढ मसुद्यांतही मालकानें स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीमार्फत, वाजवी सूचना देऊन, जागेंत येऊन पाहणी करावी एवढेंच कलम असतें. नवा भाडेकरू, खरेदीदार, छायाचित्रें, किल्ली, यांविषयीं त्यांत बहुधा अवाक्षर नसतें. दोन्ही पक्ष अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटवितात आणि मग अकराव्या महिन्यांत भांडतात.

फौजदारी कायदाही या ठिकाणीं कोणाकडे पाहतो तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्यें अतिक्रमणाचा गुन्हा सांगितला आहे. तेथें मालकी कोणाची हा प्रश्न नसून ताबा कोणाचा हा आहे. दुसऱ्याच्या ताब्यांतील जागेंत, त्यास धाक घालण्याच्या, अपमानित करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनें शिरणें हा त्या गुन्ह्याचा एक प्रकार होय. अर्थात् दलालासह अवेळीं येणारा मालक केवळ तेवढ्यानें गुन्हेगार ठरत नाहीं. हेतु सिद्ध व्हावा लागतो. परंतु "घर माझें आहे, मी केव्हांही येईन" हें वाक्य कायद्यास मान्य नाहीं, एवढें यावरून दिसतें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला, त्याचाही अनेकजण दाखला देतात. तो हक्क प्रामुख्यानें शासनाविरुद्ध आहे. घरमालकास तो थेट दाखवितां येईलच असें नाहीं. तरी घराच्या आंतलें जीवन ही संरक्षणीय वस्तु आहे, ही समजूत त्या निर्णयानें पक्की केली.

केंद्रीय मंत्रिमंडळानें २ जून २०२१ रोजीं मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यांत हा विषय अधिक स्पष्ट केला आहे. त्याप्रमाणें आंत येण्यापूर्वीं किमान २४ तास आधीं लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमानें सूचना द्यावी, तींत कारण, दिवस व वेळ नमूद करावी, आणि सूर्योदयापूर्वीं वा सूर्यास्तानंतर कोणी येऊं नये. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींस हा नियम अर्थातच लागू नाहीं. आणि येण्याचीं कारणें कोणतीं? दुरुस्ती, घर राहण्याजोगें आहे कीं नाहीं याची तपासणी, आणि करारांत लिहिलेलें अन्य वाजवी कारण. म्हणजे घर दाखवावयाचें असेल तर तें करारांत लिहिलें पाहिजे. हा कायदा नमुन्यादाखल आहे. राज्यानें स्वीकारल्यावांचून तो त्या राज्यांत चालत नाहीं. पण त्यांतले नियम आपल्या करारांत उतरवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

परदेशांत कांहीं ठिकाणीं हा प्रश्न पूर्वींच ऐरणीवर आला. कॅलिफोर्नियांत पुष्कळ मराठी कुटुंबें भाड्याच्या घरांतून राहतात. तेथील दिवाणी संहितेंत नव्या भाडेकरूस वा खरेदीदारास घर दाखविणें हें प्रवेशाचें वाजवी कारण म्हणून स्पष्ट लिहिलें आहे, पण कामकाजाच्या वेळांत आणि सूचना देऊनच. सर्वसाधारणपणें २४ तासांची सूचना पुरेशी समजली जाते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानें २०२१ मध्यें त्यापुढें पाऊल टाकलें. विक्रीसाठीं घर दाखविलें तर प्रत्येक वेळीं राहणाऱ्यास अर्ध्या दिवसाचें भाडें, किंवा तें ३० डॉलरांहून कमी असेल तर ३० डॉलर, भरपाई द्यावी लागते. परक्यांच्या पावलांस किंमत आहे हें मान्य करण्याची ही रीत मोठी मार्मिक आहे. जर्मनींत ४ जून २०१४ रोजीं संघीय न्यायालयापुढें एक चमत्कारिक खटला निकालांत निघाला. एक मालकीणबाई ठरल्या दिवशीं धुराची सूचना देणारीं यंत्रें पाहावयास आल्या, आणि त्या निमित्तानें इतर खोल्यांतही शिरल्या. खिडकी उघडली, खिडकीपाशीं ठेवलेल्या वस्तु बाजूस केल्या, आणि जा म्हटलें तरी जाईनात. तेव्हां भाडेकरूनें त्यांना उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलें. बाईंनीं भाडेकरार रद्द केला. न्यायालयानें तें रद्द करणें अवैध ठरविलें. ठराविक कारणावांचून सगळें घर पाहण्याचा त्यांस हक्क नव्हता आणि प्रसंग त्यांनींच ओढवून घेतला होता, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. हा मार्ग कोणी अनुसरावा असा अर्थातच नव्हे.

आपल्याकडे उचलून बाहेर ठेवण्याची पाळी येत नाहीं, कारण भाडेकरू बहुधा कांहीं बोलतच नाहीं. त्याच्या मौनाचें कारण सौजन्य असतें असें नाहीं. कारण अनामत रक्कम असतें. दोन, तीन, कधीं त्याहूनही अधिक महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम मालकापाशीं अडकलेली असते, आणि ती परत मिळावयाची ती घर सोडतांना. त्याच महिन्यांत दलालास नाहीं म्हणण्याची छाती किती जणांस होईल? भिंतीवरच्या एका खिळ्याबद्दल रंगाचा सगळा खर्च कापून घेतला जाईल, ही धास्ती मनांत असते. अशा स्थितींत मिळालेला रुकार हा खरा रुकार म्हणतां येत नाहीं. आदर्श कायद्यांत निवासी जागेसाठीं अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असूं नये अशी मर्यादा आहे, तिचें महत्त्व येथें कळतें. पैशाच्या त्या दडपणामुळें, कायद्यानें न दिलेला हक्क मालकास आपोआप मिळतो.

न्यायालयांतून मनाई हुकूम आणतां येतो, परंतु व्यवहारांत त्याचा उपयोग थोडा. नोटिशीचा महिना संपून बिऱ्हाड दुसरीकडे हललेलें असतें, तोंवर पहिली तारीखही लागत नाहीं. म्हणून खरा उपाय करार करतांनाच करावयाचा असतो, ज्या दिवशीं मालकास भाडेकरू हवा असतो आणि भाडेकरूस घर. त्या दिवशीं एक लहानसें कलम घालून घेण्यास दोघांचीही हरकत नसते. कोणत्याही एका पक्षानें घर सोडण्याची सूचना दिल्यानंतरच घर दाखवावें. त्यासाठीं आदल्या दिवशीं फोनवर लेखी संदेश पाठवावा. आठवड्यांतून दोन ठराविक दिवशीं, ठराविक दोन तासांतच मंडळी आणावी. मालक किंवा त्यानें नांवानिशीं नेमलेला एकच मनुष्य सोबत असावा. आणि राहणाऱ्याच्या गैरहजेरींत, त्याच्या संमतीवांचून, दार उघडूं नये. शनिवार-रविवारची सकाळ ठरली तर नोकरी करणाऱ्या सर्वांचीच सोय होते, आणि दलालासही रोज खेटे घालावे लागत नाहींत. एवढी सोय करून देणारा भाडेकरू पुढें कोणी अवेळीं आला तर ठामपणें नाहीं म्हणूं शकतो, आणि त्याच्या नाहीं म्हणण्यास वजन राहतें. सूड म्हणून सगळ्यांसच दाराबाहेर ठेवणाऱ्या भाडेकरूचें समर्थन मात्र करतां येणार नाहीं.

दुसऱ्या किल्लीचा प्रश्न कलमांतच मिटवावा. मालकापाशीं एक किल्ली असणें समजण्यासारखें आहे. नळ फुटला आणि घरीं कोणी नसलें तर ती उपयोगी पडते. तीच किल्ली दलालाच्या खिशांत, आणि तेथून त्याच्या मदतनिसाच्या हातीं जाणें हें मात्र सर्वथा गैर आहे. सोसायटीच्या पहारेकऱ्यापाशीं ती ठेवण्याची पद्धतिही घातकच. कांहीं गहाळ झालें तर संशय मोलकरणीवर येतो, आणि किल्ली किती हातांतून फिरली हें कोणी विचारीत नाहीं.

छायाचित्रांचें प्रकरण तर अलीकडचें आणि अधिक नाजूक आहे. माणसें येऊन पाहून जातात. छायाचित्र जाहिरातींत राहतें, आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत राहतें. भाडेकरूचा देव्हारा, मुलांचे फोटो, दिवाणखान्यांतला संगणक, हें सगळें संकेतस्थळावर कोणीही पाहावें असें त्यानें कधीं मान्य केलेलें नसतें. ऑस्ट्रेलियांतल्या क्वीन्सलँड राज्यांत भाडेकरूच्या वस्तु दिसणारें छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवांचून जाहिरातींत वापरतां येत नाहीं. आपल्याकडे त्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं, इतका सोपा उपाय उपलब्ध आहे. घर रंगवून रिकामें असतांनाच मालकानें चांगलीं छायाचित्रें काढून ठेवावीं. तींच पुढें पांच वर्षें चालतात, आणि रिकाम्या खोल्या मोठ्याही दिसतात! बंगळुरूहून बदलून येणाऱ्या माणसास व्हिडिओ कॉलवर घर दाखवावयाचें असेल तर फोन भाडेकरूनें आपल्या हातीं धरावा. कोणत्या कोपऱ्यावर कॅमेरा न्यावा आणि कोणता वगळावा, हें मग तोच ठरवितो, आणि पलीकडे कोण पाहत आहे तेंही त्यास दिसतें.

राहतां राहिलें तें भाडेकरूनें स्वतः करावयाचें. दाखविण्याचा महिना सुरू झाला कीं औषधें, दागिने, चेकबुकें, आधार कार्डाच्या प्रती आणि न्यायालयाचे वा डॉक्टरांचे कागद एकाच कपाटांत घालून त्याला कुलूप लावावें, आणि तें कपाट उघडलें जाणार नाहीं हें दलालास दारांतच सांगावें. आंतून तें केवढें आहे तें रिकाम्या घराच्या छायाचित्रांत दाखवितां येतें. आलेल्या प्रत्येकाचें नांव व वेळ मालकाला त्याच दिवशीं संदेशानें कळवावी. तो तक्रारीचा सूर नसून नोंद असते, आणि पुढें अनामतीचा वाद उद्भवला तर उपयोगी पडते. घरांत आजारी मनुष्य किंवा लहान बाळ असेल तर ती खोली शेवटीं, आणि एका वेळीं एकाच माणसानें, उंबऱ्यावरून पाहावी. समजूतदार गिऱ्हाईक याला कधीं नाहीं म्हणत नाहीं. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं वीजमीटरचा आंकडा लिहून, रिकाम्या खोल्यांचीं छायाचित्रें काढून, किल्ल्या मालकाच्या हातीं मोजून द्याव्या. मग दलालानें दिवसांतून दहा वेळां दार उघडलें तरी हरकत नाहीं. आंत आतां कोणाचें बिऱ्हाड नसतें.